यंदाचा जावई

लिंबदऱ्याचा जावई शहाणा असला तर होळीच्या आधी आठ दिवस सासुरवाडीचं नाव काढत न्हाई. बायको माहेरी गेलेली असली तर तिला आणायला भावाला धाडतो, चुलत्याला धाडतो, स्वतः जात न्हाई. कावून, तर त्या गावात धुळवडीला एका जावयाला गाढवावर बसवायची चाल हाय. ऐंशी वर्सं झाली म्हणत्यात. चार दिवस आधीपासून गावातले गडी जावई हुडकीत फिरत्यात. सापडला की कोंडून ठेवत्यात, दाराशी राखण बसवत्यात, वर आणखी पोटभर खाऊ घालत्यात. अन् धुळवडीच्या सकाळी गळ्यात खेटरांची माळ, तोंडाला राख, डोक्याला फुटक्या सुपाचं बाशिंग, अशी वरात काढत्यात.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मला धरायला आलते. मी गोठ्याच्या भिताडावरून उडी मारून पळालो ते केजचा स्टँड येईस्तोवर मागं बघितलं न्हाई. पायात चपला न्हवत्या. मनकर्णा, म्हणजे मपली बायको, चार दिवसांनी माघारी आली तवा दारातच पोट धरून हसाया लागली. म्हणली, "आख्खं गाव म्हणतंय, जावई हाय का ससा?"

अन् तोच मी शहादेव, दोन हजार तेराच्या दुष्काळात, ऐन होळीच्या दिवशी लिंबदऱ्याच्याच शिवारात कडब्याच्या गंजीमागं लपून बसलतो. वाचावं म्हणून न्हाई. मला कुणीतरी धरावं म्हणून.

हसा बापू, हसा. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मनकर्णाला जाऊन तवा वर्ष झालं व्हतं. ऊसतोडीला गेलतो तिकडंच कावीळ झाली अन् गेली. लेकरूबाळ न्हवतं. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून गाडी भरायची. दसऱ्याला मी मुकादमाकडं गेलो तर तो म्हणला, "शहादेव, अर्धा कोयता घेऊन मी काय करू?" त्याचंबी खरंच व्हतं. त्या साली पहिल्यांदा मी तोडीला गेलो न्हाई. घरी राह्यलो, मी अन् मपले दोन बैल, कवड्या अन् मोऱ्या.

घर म्हणजे सावरटेक. तिथं संक्रांतीलाच हिरी तळाला गेलत्या. माणसांना टँकर चौथ्या दिवशी, जनावरांना काहीच न्हाई. जनावरांची जवळची चारा-छावणी कुठं उघडावी? तर लिंबदऱ्यात. तिथल्या दूध सोसायटीनं माळावर उघडली व्हती. चाऱ्याला ऊसाचं वाढं, म्हणजे हिरवे शेंडे, मिळायचे, पाण्याचा हौद व्हता. तालुक्यात एवढी गावं पडलीत, पण न्हाई, मपल्याच सासऱ्याच्या गावात. नशिबाला दुसरा धंदा न्हाई.

बैल घेऊन आलो तवा सोसायटीच्या माणसानं इचारलं, "गाव?" मी सांगितलं. तो म्हणला, "मग इथं कसं?" मी म्हणलं, "रामहरीतात्याचा जावई हाय." त्यानं मान हलवली, बैलांच्या कानात बिल्ले मारले अन् दावण दिली. मी दावणीशेजारी ताडपत्री बांधली. छावणीत माणूस जनावरासंगं राहतो. सकाळी हजेरी असती, मालक जाग्यावर न्हाई दिसला तर नाव कटतं. म्हणजे बैल जसे दाव्याला, तसा मीबी दाव्याला. दोन महिने त्या माळावरून हललो न्हाई.

तात्याची एक गाय त्याच छावणीत व्हती, चार दावणी पलीकडं. रोज सकाळी सासरा मपल्या समोरून जायचा. मनकर्णाच्या दहाव्यापासून तो माणूस माझ्याशी एक शब्द बोलला न्हवता. शिवी न्हाई, शाप न्हाई, काही न्हाई. डोळे समोर, हातात घमेलं, चालला. मी रोज उठून उभा राहायचो अन् रोज तसाच खाली बसायचो.

होळीला आठ दिवस राह्यले अन् राधाकिशन आबानं सगळ्यांना हौदापाशी बोलावलं. आबा म्हणजे सोसायटीचा चेरमन, गावातला मोठा बागायतदार. पण दुष्काळानं त्याचीबी बाग उभी वाळलेली. तो म्हणला, "वाढं कमी येतंय. वरून हुकूम आलाय, गावची जनावरं तेवढी ठेवा. बाहेरच्यांनी धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी दावणी मोकळ्या कराव्यात. गावच्या लेकी-जावयांची जनावरं राहतील. एवढंच माझ्या हातात हाय."

मपल्या शेजारी सुंदरराव व्हता, उमापूरचा. चार गाया घेऊन साडूच्या आधारानं इकडं आलता. तो म्हणला, "शहादेव, तू सुटलास रे." मलाबी तसंच वाटलं. पण माणसं पांगल्यावर आबानं मला थांबवलं.

"तुझं काय करायचं?" म्हणला.

"मपलं काय? मी जावई हाय की."

"व्हतास," आबा म्हणला. मग त्यालाच कसंतरी झालं. माणूस वाईट न्हवता. "हे बघ, एखादं लेकरू असतं तर कोण बोललं असतं? आता तुझं इथं काय हाय? तुला ठेवला तर बाकीचे मपल्या अंगावर धावून येतील, म्हणतील, ह्याला कावून अन् आमाला कावून न्हाई. रामहरीतात्यानं चार लोकांत म्हणावं, हा मपला जावई हाय. मी डोळे झाकून ठेवतो."

"अन् न्हाई म्हणला तर?"

आबानं हौदाकडं बघितलं. "तर केजचा बाजार हाय."

दुष्काळात बाजारात बैल कोण घेतो हे काय सांगायचं? शेतकरी घेत न्हाई. ट्रकवाला घेतो, अन् त्या ट्रकात चढलेला बैल औताला लागत न्हाई. बायको गेली तवाच कोयता गेला. आता बैल गेले की मी कोण? मला दुसरं काही येत न्हाई, आन् खरं सांगायचं तर त्या दोघांशिवाय मपल्यासंगं बोलणारंबी कुणी न्हवतं.

तीन सकाळी मी तात्याच्या वाटेत उभा राह्यलो. पहिल्या दिवशी तो बाजूनं गेला. दुसऱ्या दिवशी शेणाच्या ढिगावरून गेला. तिसऱ्या दिवशी मी "तात्या" अशी हाक मारली तर त्यानं घमेलं ह्या हातातून त्या हातात घेतलं, तेवढंच. संध्याकाळी सासू आली, भामाबाई. पदराआडून दोन भाकरी माझ्या ताडपत्रीवर ठेवल्या अन् म्हणली, "त्यांच्या वाटंला जाऊ नका. ते काय बोलतील ते मला ऐकवायचं न्हाई." मी म्हणलं, "आत्याबाई, शिव्या दिल्या तरी चालतंय." ती म्हणली, "शिव्या असत्या तर कवाच दिल्या असत्या."

आता पंडितचं ऐका. पंडित म्हणजे गाढवाच्या वरातीचा म्होरक्या. त्याचा बाप म्होरक्या व्हता, आता हा. होळीच्या आदल्या दिवशी छावणीतल्या चहाच्या टपरीवर डोकं धरून बसलता. गावात एक जावई आला न्हवता. भीतीनं न्हाई, दुष्काळानं. जिथं पाहुण्याला प्यायला तांब्याभर पाणी द्यायची पंचाईत तिथं कोण जातो पाहुणचाराला? पंडितनं चार गावं पालथी घातली. एक जावई माजलगावला कारखान्यावर, एक पुण्याला, एक तर आजारी पडून सलाइन लावून झोपला म्हणं, खरं का खोटं देव जाणे. "ऐंशी वर्सांत खंड न्हाई पडला बे," पंडित म्हणला, "बहात्तरला माणसं पाला खात व्हती, तवासुदीक गाढव निघालं. अन् मपल्या हातून मोडायचं?"

मपल्या डोक्यात तवाच उजेड पडला. कारण त्या चालीचा एक कायदा हाय. गाढवावर बसलेल्या जावयाचा पाय भुईला लागू द्यायचा न्हाई. वरात फिरून फिरून त्याच्या सासऱ्याच्या दाराशी येती, अन् सासऱ्यानं आपल्या हातानं त्याच्या पायावर पाणी घालायचं, फेटा बांधायचा अन् उतरवायचं. सासऱ्यावाचून दुसऱ्या कुणाला तो हक न्हाई. आबाला चार लोक पाह्यजे व्हते ना? तिथं तर आख्खं गाव आलं असतं.

मी वाट बघत बसलो, आता पंडित मला धरील, मग धरील. तो चहा पिऊन उठला, माझ्याकडं बघून "काय शहादेव, बैल बरे हायत का?" म्हणला अन् गेला. टाळक्यात तिडीक गेली. मी काय डोळ्याला दिसत न्हाई का?

मग वाटलं, जावयानं लपावं लागतं. लपला की हुडकत्यात. म्हणून होळीच्या दुपारी गंजीमागं गेलो. पाय मुद्दाम बाहेर ठेवले. पंडितची टोळी आली. त्यानं माझे पाय बघितले, वाकून तोंड बघितलं, अन् म्हणला, "शहादेव, इकडून कोण जावई जाताना दिसला का रे?"

मी म्हणलं, "न्हाई."

"दिसला तर हाक मार," म्हणला अन् टोळी पुढं गेली.

देवाशप्पत सांगतो, मनकर्णा गेली तवा रडलो न्हवतो तेवढं तिथं कडब्यात तोंड खुपसून रडलो. माणसं वाईट न्हवती. त्यांना मपली कीव येत व्हती, विधुर माणूस हाय, बिचाऱ्याची चेष्टा कशाला करायची. पण त्या किवेपायीच मपले बैल ट्रकात चढणार व्हते. शेवटी उठलो अन् तसाच त्यांच्या मागं पळालो. पळणाऱ्या जावयाच्या मागं गाव पळतं हे ऐकलं व्हतं. गावामागं जावई पळालेला पहिला मीच.

पंडितचा दंड धरला. "मी जावई न्हाई का बे? ह्याच गावात हळद लागली ना मला? तुझ्याच बापानं अक्षता टाकल्या ना? मग मला कावून धरीत न्हाई?"

पंडितनं माझा हात दंडावरून काढला. मग म्हणला, "तात्या दार उघडणार न्हाई, शहादेव."

"ते मी बघतो."

"दार उघडलं न्हाई तर तुला उतरता येणार न्हाई. मीबी उतरवू शकत न्हाई."

"म्हणलं ना, मी बघतो."

त्यानं बाकीच्यांकडं बघितलं, अन् मग हळूच मपल्या खांद्यावर हात टाकला. "चल तर," म्हणला, "धरलं तुला." छावणीत सुंदररावला बैलांवर नजर ठेवायला अन् सकाळची हजेरी सांभाळून घ्यायला सांगितलं तर तो हसला. म्हणला, "अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणत्यात, तू तर डायरेक्ट पाठीवर बसलास. मला तर बाबा गाढवबी मिळत न्हाई."

रातभर चावडीत कोंडलं, रीतीनं. सकाळी गाढव आलं. खेटरं, सूप, राख, सगळं झालं. पाण्याचा थेंब उडवायचा न्हाई अशी दवंडी व्हती, म्हणून सगळी राखच. हलगी वाजली अन् आमी निघालो.

गाढवावरच्या जावयाला कुणीबी काहीबी इचारावं, अन् त्यानं रागवायचं न्हाई, खोटं बोलायचं न्हाई. खोटं बोलला तर त्या वर्षी गावाचा पाऊस चुकतो म्हणत्यात. दरसाल ही नुसती गंमत असती. त्या वर्षी तिला कुणी गंमत म्हणलं नसतं. बायका दारात उभ्या राहून इचारत व्हत्या.

"जावईबापू, पहिल्या वर्षी भिऊन पळालात का लाजून?"

"भिऊन."

"आता भाकरी कोण करतं?"

"मीच."

"गोल व्हती का?"

"एकबी न्हाई. जळती मात्र चांगली."

हसणं उठलं. अन् मलाबी हसू आलं. वर्षानं पहिल्यांदा. खेटरं गळ्यात, राख डोळ्यात, अन् मी हसतोय. गल्लीगल्लीत माणसं जावईबापू, जावईबापू करत व्हती. मला क्षणभर वाटलं, मनकर्णा असती तर कुठल्यातरी दारात पदर तोंडाला लावून उभी असती. मग स्वतःचीच लाज वाटली अन् हसू गेलं.

उन्हं वर आली तवा वरात तात्याच्या दाराशी पोचली. दार बंद.

पंडितनं हाक दिली, "तात्या, जावई आणलाय." हलगी वाजली. पुन्हा हाक. आतून बांगड्यांचा आवाज आला अन् थांबला. दार काही हललं न्हाई.

पहिल्यांदा लोक हसले. मग कुजबुजले. मग हळूहळू लिंबाच्या सावलीला सरकले. हलगीवाला बिडी पेटवून बसला. मी मात्र उन्हात, गाढवावर. उतरता येत न्हवतं. आपणहून उतरलो की संपलं, मग मी जावई न्हाई, नुसता एक परगावचा माणूस, अन् आबा समोरच पारावर बसून बघत व्हता. बसून राहवत न्हवतं. मांड्या सोलवटल्या, घामानं राख डोळ्यात उतरली, जीभ टाळ्याला चिकटली. पाणी मागावं तर कुणाला मागावं? गाढव एक पाय उचलायचं, ठेवायचं, दुसरा उचलायचं. मी त्याच्या मानेवर हात ठेवून बसलो. त्यालाबी जाता येत न्हवतं.

पंडित जवळ येऊन हळू म्हणला, "उतर शहादेव. मी लोकांना सांगतो." मी मान हलवली. तास गेला असंल. दीड गेला असंल.

तवा कडी वाजली. तात्या बाहेर आला. एका हातात भरलेला तांब्या, खांद्यावर गुलाबी फेटा. माणसं सावलीतनं उठली, हलगीवाल्यानं बिडी टाकली, पंडितच्या तोंडावर तर असं हसू आलं की जसं त्याचाच फेटा हाय. मला वाटलं, सुटलो. बैल वाचले.

तात्यानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला अन् गाढवासमोर उभा राह्यला. वर्षानं पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"सगळ्यांनी इचारलं," तो म्हणला, "आता मला इचारायचंय."

मी म्हणलं, "इचारा."

"तिला ताप कवा आलता?"

मी म्हणलं, "बुधवारी."

"दवाखान्यात कवा नेलं?"

"आईतवारी."

"मधी काय करत व्हती?"

"मोळ्या बांधत व्हती."

"तुला काही म्हणली व्हती का?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. तिथं ऊसाच्या फडात मी अन् ती दोघंच व्हतो, तिसरं कुणी न्हवतं. वर्षभर मी स्वतःला हेच सांगितलं व्हतं की ती काही बोलली न्हाई, आपल्याला कळलंच न्हाई. पण समोर आख्खं गाव पावसावर डोळे लावून बसलेलं. अन् पाऊस जाऊ द्या, मला त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर खोटं बोलवेना.

"म्हणली व्हती," मी म्हणलं, "मला लिंबदऱ्याला नेऊन घाला. बाबाकडं नेऊन घाला."

भामाबाई दाराच्या आत मटकन खाली बसली.

"मग?" तात्या म्हणला.

"म्या म्हणलं, आजची गाडी भरू दे. आईतवारी बाजाराची सुट्टी हाय, तवा नेतो."

"गाडी भरली का?"

"भरली."

"कुणी भरली?"

"दोघांनी."

राधाकिशन आबा पारावरून उतरून जवळ आला. म्हणला, "तात्या, पुरं करा आता. पोरगं खरं बोललंय. एकच सांगा, जावई हाय का न्हाई? हाय म्हणा न्हाईतर न्हाई म्हणा, मला त्याच्या जनावरांचं ठरवायचंय."

"जावईच हाय," तात्या म्हणला. "परका असता तर मी त्याला कवाच माफ केलं असतं."

मग त्यानं तांब्या उचलला. पायावर चूळभर पाणी घालायचं असतं, तेवढ्यावर चाल भागती. त्यानं सगळा तांब्या घातला, आधी उजव्या पायावर, मग डाव्या. टँकरचं पाणी, चार दिवसांतून एकदा येणारं, ते मपल्या बोटांवरून गळून धुळीत गेलं. बाया बघत व्हत्या. सुपाचं बाशिंग काढून त्यानं बाजूला ठेवलं, फेटा बांधला, चांगला घट्ट, एकेक पीळ ओढून. मपल्या काखेत हात घालून मला खाली उतरवलं. त्याचा श्वास मपल्या कानाशी व्हता. मग आबाकडं वळून म्हणला, "त्याची जनावरं राहू द्या," अन् घरात गेला. मला कुणी आत बोलावलं न्हाई. मीबी गेलो न्हाई.

तसाच फेटा बांधून छावणीत आलो. सुंदरराव दुसऱ्या दिवसासाठी टेम्पो ठरवून आलता, गाया साडूच्या ओळखीनं कुठंतरी पुढच्या तालुक्यात न्यायच्या म्हणत व्हता. त्यानं इचारलं, "मिळाली का जागा?" म्या म्हणलं, "मिळाली." तो म्हणला, "नशीबवान हाईस." मी बैलांना वाढं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची दावण मोकळी झालती. मी मोऱ्याच्या पाठीवरची गोचीड काढत व्हतो तर तात्या आला, घमेलं घेऊन, रोजच्यासारखा. मी उठलो. मला वाटलं, समोरून जाईल. तो थांबला. घमेलं खाली ठेवलं.

"बुधवारी," म्हणला, "तिनं किती मोळ्या बांधल्या?"

मी आठवून सांगितलं. त्यानं ऐकलं, घमेलं उचललं अन् गाईकडं गेला.

तवापासून तो रोज यायचा. एक सवाल इचारायचा, जास्त न्हाई. ताप आला तवा अंगावर काय घेतलं व्हतं. ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीत वारं कुठून येत व्हतं. रातच्याला पाणी मागितलं का. कुणाचं नाव घेतलं. मी सांगायचो. कधी मला सांगायला येळ लागायचा, तवा तो उभा राहायचा, ओरडायचा न्हाई, घाईबी करायचा न्हाई. जायचं तर कुठं जाणार? बैल दाव्याला व्हते अन् मिरगाचा पाऊस अजून दोन महिने लांब व्हता. रात झाली की मला फिकीर लागायची, उद्या काय इचारतो. अन् कधी तो यायला उशीर झाला तर मी वाटंकडं बघत बसायचो, तेबी खरंच.

एका सकाळी त्यानं इचारलं, "गुरुवारी तिनं काय खाल्लं व्हतं?"

म्या म्हणलं, "भाकरी अन् मिरचीचा ठेचा. अर्धीच भाकर."

"अर्धीच?"

"व्हय. तोंडाला चव न्हाई म्हणली."

तो घमेल्याकडं वाकला, पण उचललं न्हाई. तसाच वाकलेला म्हणला, "मग उरलेली?"

"उरलेली म्या खाल्ली," मी म्हणलं.